रोममध्ये आठवणीत राहील असं जेवण: आधी वार बघा, मग पदार्थ, रेस्टॉरंट शेवटी

विचारणा अशी आहे: मार्चच्या मध्यावर चौघंजण बुधवारी रात्री रोमला पोचणार, रविवारी संध्याकाळी निघणार. आई-वडील शाकाहारी, त्यातही वडील अंडं खात नाहीत, बाकी दोघांना सगळं चालतं. ॲपवर साडेचार ताऱ्यांची शेकडो नावं दिसतात. त्यातून घरी परतल्यावरही आठवेल असं जेवण कसं शोधायचं?

ताऱ्यांपासून सुरुवात केली की शोध हमखास भरकटतो. कोलोसियम, त्रेवीचं कारंजं, व्हॅटिकन यांच्या आसपासच्या रेस्टॉरंटांना तारे देणारी माणसं बहुतेक तुमच्यासारखीच असतात: पहिल्यांदा आलेली, दिवसभर चालून दमलेली, भूक लागलेली. त्यांना अंड्याचा अस्सल कार्बोनारा पास्ता आणि क्रीम घातलेला कार्बोनारा यातला फरक माहीत असण्याचं कारण नाही. आणि त्या रेस्टॉरंटवाल्यालाही ठाऊक असतं की हे गिऱ्हाईक पुन्हा यायचं नाही. पुढच्या आठवड्यात परत येणाऱ्या माणसांसाठी जिथे रांधलं जातं, तिथे पोचणं एवढंच खरं काम आहे. त्यासाठी रोममध्ये एक सोपा धागा आहे: वार.

रोमचं घरगुती खाणं वारांना बांधलेलं आहे. जुनी म्हण अशी, गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा. न्योक्की म्हणजे उकडलेल्या बटाट्याचे पिठात मळून केलेले लहान गोळे, त्रिप्पा म्हणजे वजडी. शुक्रवारी कॅथलिक रिवाजाप्रमाणे मांस वर्ज्य, म्हणून खारवलेला कॉड मासा, त्याला बाक्कला म्हणतात, किंवा छोल्यांचा पास्ता ए चेची. पर्यटकांवर चालणाऱ्या ठिकाणी आठवड्याचे सातही दिवस एकच मेन्यू असतो. ज्या त्रात्तोरियात, म्हणजे आपल्या घरगुती खानावळीच्या जवळ जाणाऱ्या जागेत, दाराशी पाटीवर खडूने त्या वाराचा पदार्थ लिहिलेला असतो, तिथे शेजारपाजारची माणसं जेवायला येतात असं धरून चालायला हरकत नाही. तुमचे दिवस नेमके बुधवार ते रविवार आहेत, म्हणजे म्हणीतले तिन्ही वार पदरात पडतात.

दुसरा धागा हंगामाचा. मार्च हा आर्टिचोकचा, म्हणजे कमळाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या पाकळ्यांच्या भाजीचा, महिना. रोमच्या आसपास पिकणारा आर्टिचोक गोल, मोठा आणि बिनकाट्याचा असतो, आणि तो दोन तऱ्हांनी करतात. आल्ला रोमाना म्हणजे लसूण आणि रानपुदिना भरून, तेल-पाण्यात उलटा ठेवून मऊ शिजवलेला. आल्ला जुदिया म्हणजे यहुदी पद्धतीचा, अख्खा तळलेला. हा दुसरा नीट बघून घ्या. आधी मध्यम आचेच्या तेलात आतून मऊ होईपर्यंत तळतात, काढून पाकळ्या बोटांनी फुलासारख्या उघडतात, आणि पुन्हा कडकडीत तेलात सोडतात. ताटात येतो तेव्हा तो तांबूस शेवंतीसारखा दिसायला हवा. बाहेरच्या पाकळ्या वेफरसारख्या मोडाव्यात आणि देठाजवळचा गाभा सुरीविना तुटावा. मधोमध केसाळ, घशाला टोचणारा भाग लागला तर माल जून आहे. पाकळ्या मऊ आणि तेलकट लागल्या तर दुसरं तळण घाईत उरकलंय. पुंतारेल्ले हे चिकोरी या कडसर पालेभाजीच्या कोवळ्या कोंबांचं सॅलड हिवाळ्यातलं, मार्चमध्ये संपत आलेलं असतं. दिसलं तर सोडू नका, पण त्याच्या चटणीत अँचोवी मासा वाटलेला असतो, त्यामुळे ते फक्त तुम्हा दोघांसाठी. जुलैत ज्या मेन्यूवर आर्टिचोक आणि पुंतारेल्ले दोन्ही दिसतात, तिथून पुढे चालू लागावं.

आता स्वयंपाकघराची परीक्षा. रोमचे चार पास्ते एकाच कुळातले आहेत. काचो ए पेपेमध्ये फक्त पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं खारट चीज आणि मिरी. त्यात ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं मीठ-मिरी लावून मुरवलेलं मांस, घातलं की ग्रिचा. ग्रिचात टोमॅटो गेला की आमात्रिचाना, अंडं गेलं की कार्बोनारा. यातला काचो ए पेपे सगळ्यात अवघड, कारण त्यात लपायला जागा नाही. किसलेलं चीज आणि पास्त्याचं पिठूळ पाणी मिसळून ते दाट, एकजीव व्हावं लागतं. पाणी फार गरम असलं, साधारण ६५ अंशांच्या वर, की चीजमधली प्रथिनं आकसून गुठळ्या होतात. आपली कढी फुटते तसाच प्रकार. पाण्यात पास्त्याचं पीठ कमी उतरलं असलं तरी तेच होतं. ही भानगड टाळायला पर्यटकी स्वयंपाकघरं क्रीम किंवा लोणी घालतात. ते ओळखणं सोपं आहे. क्रीमचा रस्सा पांढराशुभ्र आणि चकचकीत दिसतो, तोंडात दुधाळ गोडी राहते. अस्सल रस्सा किंचित पिवळट, खारट आणि तिखट असतो, आणि ताटलीत पाच मिनिटं राहिला की घट्ट होऊ लागतो. म्हणून फोटो काढत बसू नका, लगेच खा. कार्बोनारात क्रीम, कांदा किंवा मटार दिसले तर मेन्यूतलं बाकी काही मागवण्यात अर्थ नाही.

ही ओळख घरबसल्याही उपयोगी पडते. गूगल मॅप्सवर जागा उघडा, पण तारे बघू नका. गिऱ्हाइकांनी टाकलेले अलीकडचे फोटो बघा, काचो ए पेपेचा किंवा कार्बोनाराचा फोटो शोधा आणि वरच्या खुणा लावून पाहा. मग परीक्षणांत इटालियन भाषेतली वाचा, भाषांतराचं बटण तिथेच असतं. ‘टेबलं दाटीवाटीची’, ‘आवाज फार’, ‘वेटर तुटक बोलतो’ या तक्रारी मनावर घेऊ नका. चांगल्या त्रात्तोरियात हे सगळं असतंच. ‘माशाचं बिल भलतंच आलं’, ‘मेन्यूत नसलेला आकार लावला’, ‘आठवड्यापूर्वी छान होतं, आता मालक बदलले’ या मात्र गंभीर. शेवटी मेन्यूचा फोटो शोधून पहिल्या फेरीचे, म्हणजे प्रिमीचे, पदार्थ मोजा. सहा-आठ असतील तर ठीक. पंचवीस पास्ते, वीस पिझ्झा आणि शिवाय लझान्या असेल तर ते ताजं रांधणं शक्यच नाही. पदार्थाच्या नावापुढे बारीक तारा असेल तर खालची टीप वाचा, तिथे बहुधा ‘सुर्जेलातो’ म्हणजे गोठवलेलं असं लिहिलेलं असतं. ते छापणं त्यांना भाग असतं.

ऑस्तेरिया, त्रात्तोरिया, रिस्तोरान्ते या नावांवर विसंबू नका, एके काळी त्यांत फरक होता, आता पाटी कुणीही काहीही लावतं. दारावर स्थानिक, पारंपरिक खाणं जपणाऱ्या स्लो फूड संस्थेच्या गोगलगाईचं स्टिकर दिसलं तर मात्र थांबा. या चळवळीची ठिणगी १९८६ साली रोममध्येच, स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडॉनल्ड्स उघडण्याविरुद्ध झालेल्या निदर्शनांत पडली होती, आणि घरगुती जेवणाच्या बाबतीत त्यांची निवड भरवशाची असते. याउलट दारात उभा राहून ‘नमस्ते, इंडिया?’ करत आत बोलावणारा माणूस, फोटोंचा लॅमिनेटेड मेन्यू आणि संध्याकाळी पाच वाजता चालू असलेलं रात्रीचं जेवण, यातलं एक जरी दिसलं तरी पुढे व्हा. रोमची स्वयंपाकघरं साधारण साडेबारा ते तीन आणि साडेसात ते अकरा चालतात.

आई-वडिलांच्या जेवणाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

‘वेजेतारियानो’ हा शब्द सगळ्यांना कळतो, पण त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. म्हणून घटकांची नावं घ्यावीत: ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ग्वान्चाले, सेन्झा अलिची’. सेन्झा म्हणजे विना, अलिची म्हणजे अँचोवी. हा शेवटचा शब्द विसरू नका. भोपळ्याच्या फुलांची भजी, फ्योरी दि झुक्का, ऐकायला शुद्ध शाकाहारी वाटतात, पण आत मोझरेलाबरोबर अँचोवीचा तुकडा असतो. पास्ता ए चेचीच्या फोडणीतही तो बरेचदा विरघळवलेला असतो. सुप्ली, म्हणजे भाताचे लांबट तळलेले गोळे ज्यांच्या पोटातलं चीज ओढलं की तार निघते, ते मूळ कृतीत मांसाच्या रश्श्यात शिजवलेल्या भाताचे असतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. तळण एकाच तेलात होतं, माशाचंही त्यातच.

वडिलांसाठी सुक्या आणि ताज्या पास्त्यातला फरक महत्त्वाचा. स्पागेत्ती, रिगातोनी, पेन्ने हे सुके पास्ते फक्त रवा आणि पाणी. फेत्तुचिने आणि बऱ्याच ठिकाणचे ताजे तोन्नारेल्ली यांत अंडं असतं. न्योक्कीच्या पिठातही कधी कधी घालतात, तेव्हा ‘चे ल’उओवो?’ (अंडं आहे का?) एवढं विचारावं. गोड पदार्थांपैकी तिरामिसूत कच्चं अंडं असतं, पान्ना कोत्तात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा अर्क.

चीजचाही प्रश्न आहे, आणि तो स्पष्ट सांगायला हवा. अस्सल पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसाने, आणि पार्मेजान वासराच्या रेनेटने लावतात. घरी हे पाळत असाल तर काचो ए पेपेही बाद होतो. तेव्हा हुकमी पदार्थ म्हणजे पेन्ने आल्ल’आराब्ब्याता, ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणजे बिनचीजचं: टोमॅटो, लसूण, सुकी लाल मिरची, दुसरं काही नाही. त्यासोबत चिकोरिया रिपास्साता मागवा. कडसर पालेभाजी उकडून, पिळून, लसूण-मिरचीच्या तेलात परतलेली असते. मराठी जिभेला रोममधली इतकी ओळखीची दुसरी चव नाही. पिझ्झ्यात मरिनारा घ्या: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाहीच.

आता दिवसवार.

बुधवारी रात्री दमून याल, त्या दिवशी पिझ्झा. रोमचा पिझ्झा नेपल्ससारखा जाड काठाचा नसतो, पापडासारखा पातळ आणि कुरकुरीत असतो. चांगले पिझ्झेरिया फक्त संध्याकाळी भट्टी पेटवतात.

गुरुवारी दुपारी न्योक्की खा, आईसाठी ‘अल पोमोदोरो’, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यातले, सांगा, नाहीतर मांसाच्या रश्श्यातले येतील. रात्री यहुदी वस्तीत जा. पोप चौथा पॉल याने १५५५ साली इथे तटबंदी घालून यहुद्यांना कोंडलं, आणि भाज्यांच्या साली, स्वस्त मासे यांतून एक स्वतंत्र पाककला तिथे उभी राहिली. व्हिया देल पोर्तिको द’ओत्ताव्हिया या रस्त्यावर दोन्ही बाजूंना रेस्टॉरंटं आहेत. कोशर, म्हणजे यहुद्यांच्या खाण्यापिण्याच्या, नियमांत मांस आणि दूध एका स्वयंपाकघरात चालत नाही, म्हणून तिथली काही रेस्टॉरंटं दुधाची असतात. तिथे मासे असतात, पण मांस दारातही येत नाही. मनात धाकधूक न ठेवता आई-वडिलांना जेवता येईल अशी याहून चांगली जागा रोममध्ये शोधून सापडणार नाही. हे शुक्रवारवर ढकलू नका. शुक्रवारी संध्याकाळपासून शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि कोशर रेस्टॉरंटं शनिवारी रात्रीपर्यंत बंद राहतात.

शुक्रवारी व्हॅटिकन असेल तर तिथल्या भिंतीलगत जेवू नका. पंधरा मिनिटं चालत प्राती भागात या. तिथे न्यायालयं आणि वकिलांची कार्यालयं आहेत, दुपारचं गिऱ्हाईक रोजचं असतं. म्युझियमहून भुकेले बाहेर पडलात तर चिप्रो मेट्रोजवळ गाब्रिएले बोन्चीचं पिझ्झारियुम आहे, तिथे चौकोनी पिझ्झा वजनावर मिळतो. हवा तेवढा तुकडा हाताने दाखवायचा, कात्रीने कापून तोलून देतात. भाव किलोचा असतो, त्यामुळे तळहाताएवढ्या तुकड्यापासून सुरुवात करा. रात्री तुम्हा दोघांना बाक्कला, त्यांना पास्ता ए चेची बिनअलिचीचा.

शनिवार पूर्ण तेस्ताच्चोला द्या. मेट्रो बी मार्गावर पिरामिदे स्थानकाला उतरायचं. रोमच्या खाण्याचं खरं मूळ या वस्तीत आहे. १८९० च्या सुमारास इथे शहराचा मोठा कत्तलखाना उभा राहिला. जनावराचे चार चांगले भाग उमराव, पाद्री, व्यापारी आणि शिपाई यांच्याकडे जात. उरलेला, म्हणजे शेपटी, वजडी, आतडी, काळीज, कामगारांच्या वाट्याला येई. त्याला नाव पडलं क्विंतो क्वार्तो, पाचवा चतुर्थांश. समोरच्या खानावळींनी त्यातून कोदा आल्ला वाच्चिनारा घडवली: बैलाची शेपटी टोमॅटो आणि भरपूर सेलरीत तासन्‌तास शिजवलेली, हाडावरून मांस काट्याच्या टोकाने सुटेल अशी. कत्तलखाना १९७५ साली बंद झाला, पण चेक्कीनो दाल १८८७ सारख्या खानावळी अजून आहेत. तिचं तळघर तेस्ताच्चोच्या टेकडीत कोरलेलं आहे, आणि ही टेकडी रोमन काळी फेकलेल्या तेलाच्या मडक्यांच्या खापरांची आहे. फेलिचे आ तेस्ताच्चोमध्ये काचो ए पेपे टेबलाशी आणून तुमच्यासमोर कालवतात, पातळ रस्सा दाट कसा होतो ते डोळ्यांनी दिसतं. दोन्हीकडे आधी बुकिंग लागतं. सकाळी तेस्ताच्चोचा बाजार बघा, रविवारी तो बंद असतो.

बुकिंग फोनवर करायचं तर सकाळी अकरा-बारा किंवा संध्याकाळी सहा-सातला करा. दुपारी दीडला कुणाला बोलायला वेळ नसतो. वाक्य एवढंच: ‘व्होर्रेइ प्रेनोतारे पेर क्वात्रो पेर्सोने, साबातो सेरा, अल्ले ओत्तो’, म्हणजे चौघांसाठी, शनिवारी रात्री, आठला. बऱ्याच ठिकाणी दोन पाळ्या असतात, साडेसात आणि साडेनऊ. पहिली घेतलीत तर साडेनऊला उठावं लागेल, आई-वडिलांसोबत तीच बरी. पँथिऑनला लागून असलेलं आर्मान्दो १९६१ पासून चालू आहे आणि पर्यटकी भागात असूनही दर्जा टिकवून आहे, पण तिथली जागा काही आठवडे आधी ऑनलाइन भरून जाते. बुकिंग न घेणाऱ्या जागी उघडण्याआधी पंधरा मिनिटं दाराशी उभं राहायचं. येणं रद्द झालं तर कळवा, छोट्या जागेत चार खुर्च्या रिकाम्या जाणं हे मोठं नुकसान असतं.

बिलाचं गणित आधी डोक्यात असू द्या. चौघांचं साधारण असं होतं: चार सुप्ली १० युरो, चार पास्ते ५६, दोन भाज्या १२, पाण्याच्या दोन बाटल्या ५, अर्धा लिटर घरची वाइन ६, दोन गोड पदार्थ १४, पावाचे माणशी २ प्रमाणे ८. एकूण १११, म्हणजे माणशी २८ च्या आसपास. याच्या दुप्पट झालं तर काहीतरी चुकलंय. इटलीत इतरत्र ‘कोपेर्तो’ नावाचा बैठकीचा आकार घेतात. लाझिओ प्रांतात तो २००६ च्या कायद्याने बंद आहे, म्हणून रोममध्ये तो पावाच्या नावाने येतो. पाव नको असेल तर आल्या आल्या परत करा, अर्धा खाऊन वाद घालू नका. बिलात ‘सेर्व्हित्स्यो’ टक्केवारीत लावायचं असेल तर ते मेन्यूवर छापलेलं हवं. ते लावलेलं असेल तर वेगळी टिप नको, नसेल तर वरचे एक-दोन युरो ठेवले तरी पुरे.

सगळ्यात मोठा फटका माशात बसतो. मेन्यूवर ‘७ युरो, अल्ल’एत्तो’ असं असतं. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. ७०० ग्रॅमचा मासा आला की ४९ युरो. शिजवण्याआधी मासा टेबलावर आणून दाखवायला सांगा आणि वजन विचारा, यात संकोच करण्यासारखं काही नाही, रोमन माणूसही हेच करतो. चारही फेऱ्या मागवायची सक्ती नसते, एक पास्ता आणि एक भाजी हे पूर्ण जेवण आहे. बिल मागितल्याशिवाय येत नाही. ते दुर्लक्ष नव्हे, तुम्हाला उठवायचं नाही म्हणून. ‘इल कोन्तो, पेर फाव्होरे’ म्हणा, आणि छापील पावती घ्या.

रविवारी दुपारी अख्खी घरं जेवायला बाहेर पडतात, तीन-तीन पिढ्या एका टेबलाशी, तीन तास. आठवणीत राहील असं जेवण यातच मिळण्याची शक्यता सर्वाधिक, आणि चांगल्या त्रात्तोरिया रविवारी रात्री बहुधा बंदच असतात. गार्बातेल्ला किंवा मोन्तेव्हेर्दे या वस्त्यांत एक वाजताची वेळ घ्या, म्हणजे चार वाजता आरामात विमानतळाकडे निघता येईल. सुटकेस बरोबर असतील तर फोनवरच सांगून ठेवा, लहान जागेत त्या ठेवायला कोपरा मोकळा करावा लागतो. हे बुकिंग मात्र भारतातून निघण्याआधी करा, शनिवारी फोन केलात तर ‘तुत्तो प्येनो’, सगळं भरलंय, एवढंच ऐकायला मिळेल.